वारं बघायला मुंबईला

मुंबईहून आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, राणीचा बाग पाहिलास का, समुद्र पाहिलास का. राणीचा बाग पाहिला नाही. समुद्र पाहिला, तोही ओहोटीचा, आणि त्याच्या चिखलात एक चप्पल घालवली. मी खरं जे पाहायला गेलो होतो त्याबद्दल वाईत कुणी विचारत नाही, कारण ते सगळ्यांना माहीत आहे आणि तोंडावर विचारायची कुणाची छाती नाही. म्हणून एकदा लिहूनच टाकतो. अण्णांची परवानगी घेतली आहे. ते म्हणाले, "नाव घाल नाहीतर घालू नकोस. वाईत कुणाला कळायचं राहणार आहे?"

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. वकिली करतात. तरुणपणापासून एकाच पक्षात आहेत, त्या पक्षासाठी बेचाळीस साली तुरुंगात जाऊन आले. पक्षांची नावं मी लिहिणार नाही, दोन्हीकडची माणसं घरी येऊन भांडतात. राज्यावर आहे तो मोठा पक्ष आणि नुकता निघालेला तो नवा पक्ष, एवढं वाचकांना पुरेल. यंदा आमच्या नगरपालिकेसाठी मोठ्या पक्षानं अण्णांना डावललं आणि उमेदवारी केशवरावांना दिली. केशवराव हे अण्णांचे तुरुंगातले सोबती, एका बराकीत होते. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. आठवडा उलटायच्या आत नवा पक्ष आमच्या ओसरीवर येऊन बसला. म्हणाले, आमच्याकडून उभे राहा. अण्णांनी थोडी मुदत मागून घेतली.

नेमक्या त्याच सुमारास मुंबईच्या उपनगरांत निवडणुका झाल्या. मोठी निवडणूक होऊन गेलेली, पुढची लांब, त्यामुळे मधल्या वर्षातल्या या बारक्या निवडणुका. कुठे पालिकेची एखादी जागा, कुठे पंचायत. पण वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले की वारं फिरलं. अण्णांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि मला म्हणाले, "दत्तू, तुझ्या शाळेला सुट्टी आहे. जाऊन बघून ये. खरंच फिरलं असेल तर जातो त्यांच्याकडे. नसेल तर घरी बसतो."

मी शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे वारं बघायला मीच लायक, असं वहिनी म्हणाल्या. मी मात्र स्वभावानं उतावळा. मला तेव्हा मनातून एकच हवं होतं, की वारं फिरलेलं असावं. अण्णांचा तो उतरलेला चेहरा घरात रोज बघवत नव्हता.

अंधेरी

अंधेरीला माझा कॉलेजातला मित्र भालू राहतो. मूळचा वेंगुर्ल्याचा, विमा कंपनीत कारकून. स्टेशनपासून दहा-पंधरा मिनिटांवर दोन खोल्या, मागे आंब्याचं झाड आणि डबकं. त्याची बायको शालूवहिनी, हिनं पहिल्याच सकाळी घावन आणि नारळाचं दूध पुढ्यात ठेवलं. आमच्याकडे पाहुण्याला आधी गूळपाणी, मग विचारपूस, मग तासाभरानं खाणं. इथे खाणं आधी आणि विचारपूस खाता खाता.

"काय रे, सासुरवाडी सोडून मुंबई कशी आठवली?" भालूनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. तो हसत सुटला. "अरे यार, तू पण ना! वारं बघायला आलास होय? कोळ्यांना विचार मग."

"थट्टा नको. अंधेरीत कोण निवडून आलं ते सांग."

"डॉक्टर."

"पक्ष कुठला?"

"चल, दाखवतो," असं म्हणून त्यानं शर्टात हात घातले.

बाजाराच्या रस्त्यावर दोन्ही पक्षांच्या कचेऱ्या समोरासमोर आहेत. डॉक्टर अपक्ष म्हणून उभे होते, हे वाटेत भालूकडून कळलं. नव्या पक्षाच्या कचेरीत गेलो तर तिथे डॉक्टरांचा हार घातलेला फोटो आणि परातीत पेढे. चिटणीस म्हणाले, "डॉक्टर आमचेच. वरून अपक्ष, आतून आमचे." पेढा खाल्ला. रस्ता ओलांडून मोठ्या पक्षाच्या कचेरीत गेलो. तिथेही डॉक्टरांचा फोटो, त्यालाही हार. तिथले अध्यक्ष म्हणाले, "अहो, डॉक्टर लहानपणापासून आमचे. तांत्रिक कारणामुळे अपक्ष." तिथेही पेढा. दुसरा पेढा जास्त चांगला होता, पण त्यावरून निष्कर्ष काढायचा तर अण्णांना काय सांगू?

"मग डॉक्टरांनाच विचारू की," मी म्हणालो.

दवाखान्याला कुलूप होतं. शेजारचा न्हावी म्हणाला, "डॉक्टर गेले बहिणीकडे, लोणावळ्याला. दोन्हीकडून सारखे हार घेऊन येत होते ना, पेशंट बाहेर तिष्ठत बसायचे. वैतागले."

संध्याकाळी भालूनं बोरिवलीची हकीकत सांगितली. तिथे मोठा पक्ष जिंकला. जिंकलेला माणूस पंधरा दिवसांपूर्वी नव्या पक्षात होता, आणि हरलेला त्याच्याही आधी मोठ्या पक्षात. मी उठून खोलीत येरझारा घालू लागलो. खोली लहान, चार पावलांत भिंत. शालूवहिनी म्हणाल्या, "भावजी, बसा हो. जमीन झिजेल आमची."

मढ

दुसऱ्या दिवशी रविवार होता. भालूला सुट्टी, म्हणून वर्सोव्याहून होडीनं खाडी ओलांडून मढला गेलो. मढला नवा पक्ष घसघशीत मतांनी आला होता. वर्तमानपत्रात या निकालावर स्वतंत्र लेख होता, "मच्छीमारांतील नवी जागृती" अशा मथळ्याचा. मी तो लेख खिशात घेऊनच गेलो.

ओहोटी लागली होती. होडी काठापर्यंत जाईना. नावाडी म्हणाला, उतरा. उतरलो तर पोटऱ्यांपर्यंत काळा चिखल. भालू चपला हातात घेऊन बगळ्यासारखा पुढे गेला. मी ऐटीत तसाच पाय टाकला आणि उजवी चप्पल आत राहिली ती राहिलीच. हात घालून शोधली, नावाड्यानं वल्ह्यानं शोधली, शेवटी सोडून दिली. एका चपलेनं चालण्यापेक्षा अनवाणी बरं म्हणून दुसरीही काढून बगलेत घेतली.

मढचा किनारा सुंदर आहे हे सांगितलंच पाहिजे. ताडाची झाडं, पांढरी चर्चं, लाल कौलांचे बंगले आणि किनाऱ्यावर बांबूच्या आडव्या काठ्यांवर ओळीनं वाळत घातलेले बोंबील. आमच्याकडे वाळवणं म्हणजे कुरडया आणि पापड. इथलं वाळवण दुरूनच कळतं. मी नाकाला रुमाल लावला आणि तिथेच चुकलो.

"आला! परत आला सिनेमावाला!" एक बाई कमरेवर हात ठेवून ओरडली. ठसठशीत कुंकू, गुडघ्यापर्यंत लुगडं, हातात बोंबलांची टोपली. "नाकाला फडका लावून आला! ताईंनो, या गं!"

बघता बघता सात-आठ जणी जमल्या. मला काही कळेना. भालू पुढे झाला. "मावशी, हा सिनेमावाला नाही. मास्तर आहे, वाईचा."

"मास्तर? मंग कागद कशाला काढला खिशातून? ते पन असाच कागद घेऊन आलं होतं."

बाईचं नाव हिराबाई. राग उतरल्यावर तिनं हकीकत सांगितली. एक सिनेमा कंपनी गाण्याचं चित्रण करायला आली होती. जुन्या पंचानं, म्हणजे मोठ्या पक्षाच्या माणसानं, त्यांना परवानगी दिली. त्यांनी नेमक्या बोंबील वाळवायच्या जागेवर फळ्यांचा मंच ठोकला आणि वास येतो म्हणून काठ्या उपटून बाजूला टाकल्या.

"ती नटी नाकाला फडका लावून नाचत होती," हिराबाई म्हणाली. "आमचं बोंबील सडलं. दोन दिस. पंचाला विचारला, आमी सुकवू कुठं, तुज्या डोक्यावर? तर हसला. मंग आमी सगल्या बायांनी त्याला पाडला."

मी खिशातला लेख पुन्हा काढला. "म्हणजे नव्या पक्षाचे विचार तुम्हाला पटले म्हणून नाही?"

"कुठला विचार?" ती माझ्याकडे बघत राहिली. "यो जो निवडून आला, तो त्याचाच भाचा हाय. मामाला पाडायचा तर भाच्यालाच उभा करायला पायजे. दुसरा कोन उभा राहतो त्याच्या समोर? भाच्याला मोठ्या पक्षानं घेतला नाय, म्हनून दुसऱ्याकडून उभा केला."

"आणि आता मामा-भाचे?"

"जेवतात एका ताटात." तिला त्यात नवल वाटलं नाही. मग तिनं आम्हाला घरात नेऊन ताजे बोंबील तळून दिले. तांदळाची भाकरी, वर कांदा. मी ब्राह्मणाच्या घरचा, हे तिला सांगितलं नाही. भालूनंही सांगितलं नाही. तीन खाल्ले. वाईच्या वाचकांनी हे वाक्य वाचून न वाचल्यासारखं करावं.

परतीच्या होडीत मी उरलेली चप्पल मांडीवर घेऊन बसलो होतो. भालू म्हणाला, "काय झालं? अनवाणी आहेस म्हणून?"

"अण्णांना काय सांगू मी? बोंबील?"

"सांग ना. खरं ते सांग."

"अरे, त्यांना हो किंवा नाही हवंय. मोठ्या पक्षात राहिले तर केशवरावांच्या प्रचाराला सतरंजी घालायची वेळ येईल. नव्यात गेले आणि वारंच नसलं तर अख्खं गाव हसेल. तुला कळत नाही."

"मला एवढं कळतं," भालू पाण्यात हात घालून म्हणाला, "की तुझ्या अण्णांना केशवरावाचा राग आलाय. वाऱ्याचा काय संबंध त्यात?"

मला त्याचा फार राग आला. 

घाटकोपर

घाटकोपरला भालूचे आखूड बूट घालून एकटाच गेलो. वर्तमानपत्रात लिहिलं होतं की वाऱ्याची पहिली खूण घाटकोपरला दिसली, मागच्या वर्षीच्या पोटनिवडणुकीत. तेव्हा तिथे नवा पक्ष आला होता. यंदा त्याच जागी मोठा पक्ष परत आला. म्हणजे एकाच जागी एका वर्षात वारं आलं आणि गेलं. मला हे कोडं सोडवायचंच होतं.

नव्या पक्षाच्या कचेरीत चिटणीस होते, खादीचा सदरा, बोटांना शाई. त्यांनी मला खुर्ची दिली आणि भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून शिकवायला सुरुवात केली. मी स्वतः मास्तर असल्यामुळे पट्टीचं कौतुक वाटलं. मागच्या वर्षीचा विजय म्हणजे जनतेची जागृती. यंदाचा पराभव म्हणजे जनतेचा गैरसमज.

"एका वर्षात जागृत जनतेचा गैरसमज कसा झाला?" मी विचारलं.

"अपप्रचार," ते म्हणाले आणि पट्टी खाली ठेवली.

बाहेर आलो तर कचेरीच्या दारासमोरच सार्वजनिक नळ. बादल्या, कळशा, डबे यांची रांग. दोन माणसं नळाकडे बघत वाद घालत होती. एक जण गुजराती होते, धोतर आणि काळी टोपी, दुसरे पंचा नेसलेले आपल्यातले.

"नळ कुणी आणला?" मी मध्येच तोंड घातलं.

"हाच तर प्रश्न आहे हो," पंचेवाले म्हणाले. "जुना मेंबर पाणी देईना, म्हणून आम्ही मागल्या वर्षी त्याला पाडला."

"ने मग तेने जिद्द पकडी," गुजराती गृहस्थ म्हणाले. "पडला, तो वरच्या साहेबाकडे रोज जाऊन बसला. पडल्यावर नळ आणला, काय सांगू!"

"म्हणून यंदा परत निवडून दिला?"

"मग काय करणार?" पंचेवाले म्हणाले. "पण माझं म्हणणं, आता आणखी एकदा पाडायला पाहिजे. म्हणजे गटार पण होईल."

दोघे हसले, मीही हसलो. त्या एका निकालावर गेले वर्षभर केवढे लेख लिहिले गेले होते. गुजराती गृहस्थांनी आग्रह करून जवळच्या दुकानात फाफडा आणि कच्च्या पपईची चटणी खायला घातली. चटणी इतकी चांगली होती की मी दोनदा मागून घेतली. पण अण्णांनी मागून घेतलेली मुदत संपत आली होती.

मुलुंड

मुलुंडला मी सगळ्यात मोठ्या आशेनं गेलो. तिथे निवडून आलेले गृहस्थ थेट अण्णांसारखे होते. वामनराव म्हणू या त्यांना. शाळेचे निवृत्त हेडमास्तर, मोठ्या पक्षात आयुष्य गेलेलं, बेचाळीसला तुरुंगात गेलेले. निवडणुकीच्या तोंडावर त्यांनी पक्ष बदलला, नव्याकडून उभे राहिले आणि जिंकले. मला वाटलं, हाच आपला पुरावा. एवढं सांगितलं की झालं, अण्णा सुटले.

मुलुंड आपल्याकडच्यासारखं वाटतं. रुंद सरळ रस्ते, आंब्या-पेरूची झाडं, मागे डोंगर. वामनरावांच्या घरापुढे छोटा मांडव होता आणि त्यात भाड्यानं आणलेल्या लोखंडी खुर्च्या ओळीनं मांडलेल्या. समोर टेबल, त्यावर अत्तरदाणी, गुलाबदाणी, साखरेची वाटी. खुर्च्यांवर कुणीही नव्हतं. मी घोटाळलो. वाटलं, वेळ चुकली.

"या, या!" वामनराव लगबगीनं बाहेर आले. उंच, वाकलेले, कोट घातलेला. मी कोण हे न विचारताच त्यांनी मला पहिल्या ओळीत बसवलं, अत्तर लावलं, हातावर साखर ठेवली. आत हाक दिली, "अहो, चहा टाका. आले बघा कुणीतरी."

मी वाईहून आलोय, कशासाठी आलोय हे सांगितलं. ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. आमच्या मागे रिकाम्या ओळी.

"निकाल लागला त्या दिवशी पक्षाचे लोक आले होते," ते म्हणाले. "हार घातला, फोटो काढला. त्यांना भांडुपला जायचं होतं. मी म्हटलं, आपली माणसं येतील दुसऱ्या दिवसापासून. म्हणून मांडव राहू दिला."

"आली नाहीत?"

"स्टेशनजवळ एक बाक आहे. त्यावर आम्ही पाच जण संध्याकाळी बसायचो, कित्येक वर्षं." त्यांनी कोटाचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "मी जातो अजून. उठून वगैरे जात नाहीत हो, सभ्य माणसं आहेत. सरकून जागासुद्धा देतात. पण मी बसलो की बोलणं बदलतात. मला कोथिंबिरीचा भाव सांगतात."

वामनरावांच्या पत्नी, म्हणजे तिथल्या वहिनी, चहा घेऊन आल्या. ठेंगण्या, स्वच्छ, काहीशा रागावलेल्या. माझ्या हातात कप देऊन तिथेच उभ्या राहिल्या.

"पण जिंकलात ना तुम्ही?" मी म्हणालो. मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचंच होतं. "पक्ष बदललात म्हणूनच जिंकलात?"

उत्तर वहिनींनी दिलं. "अर्धं मुलुंड ह्यांच्या हाताखाली शिकलंय. मतपेटीवरचं चित्र बदललंय हे कित्येकांना आत गेल्यावर कळलं. चार जणांनी तर बाहेर येऊन मला विचारलं, काकू, सरांचं चित्र हेच ना? ह्यांना मतं पडायचीच होती. जुन्या पक्षातून नाही, नव्यातून नाही, नुसते उभे राहते तरी पडली असती."

"मग बदललात कशाला?"

वामनराव म्हणाले, "वारं फिरलं होतं ना. घाटकोपरचा मागल्या वर्षीचा निकाल बघितला मी. नीट अभ्यास केला. म्हटलं, हा बदल आता थांबायचा नाही."

आणि मी, उतावळा, तोंडाला कुलूप नसलेला, म्हणून गेलो, "अहो, तिथे तर नळाचं भांडण होतं!"

"कसलं?"

"नळाचं. पाण्याचा नळ येत नव्हता म्हणून मेंबराला पाडला. मी आत्ता तिथूनच आलो. यंदा नळ आला, परत निवडून दिला."

वामनरावांनी आपला कप तोंडाजवळून खाली आणला. "नळ?" ते म्हणाले.

"हो."

वहिनींनी त्यांच्या हातातला कप हळूच काढून घेतला, कारण तो कलंडत होता. रागावलेल्या बाईच्या चेहऱ्यावरचा सगळा राग त्या क्षणी गेला. "असू द्या," त्या म्हणाल्या. "असू द्या हो." मला जमीन दुभंगावी असं झालं. काहीतरी बोलायचं म्हणून मी चहाची तारीफ केली.

निघताना वामनराव फाटकापर्यंत आले. म्हणाले, "पुन्हा या. मांडव उद्या काढतोय, पण घर आहेच." मी रस्त्याच्या वळणावरून मागे बघितलं तेव्हा ते परत जाऊन पहिल्या ओळीत बसले होते.

त्या रात्री भालूकडे मला झोप लागली नाही. सकाळी त्यानं विचारलं, "मग, हो की नाही?" मी म्हणालो, नाही. अण्णांनी जाऊ नये. वारंबिरं काही नाही, आणि असतं तरी जाऊ नये. भालूनं पहिल्यांदाच थट्टा केली नाही. मला गाडीत बसवायला आला आणि शालूवहिनींनी दिलेली सोलकढीची बाटली खिडकीतून दिली. ती कल्याणच्या आत फुटली आणि माझं धोतर गुलाबी झालं.

वाई

वाठारला उतरलो, बस पकडली आणि सबंध वाटेत मी अण्णांना काय सांगायचं ते मनात जुळवत होतो. बस मधल्या एका गावाला थांबली तेव्हा ड्रायव्हरला दोनदा म्हटलं, चला की हो. घरी पोचलो तेव्हा अण्णा ओसरीवर एकटे बसले होते. धोतराचा रंग बघून वहिनी आत हसत गेल्या. अण्णा हसले नाहीत.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दोन पेढे सांगितले, बोंबील सांगितले, खाल्ले ते गाळून. नळ सांगितला. मग वामनराव, त्यांचा मांडव, त्या खुर्च्या, तो बाक. अण्णांनी एकदाही मध्ये तोडलं नाही. वकील माणूस, एरवी दर वाक्याला हरकत घेतो.

"म्हणून म्हणतो, जाऊ नका," मी म्हणालो. "केशवरावांशी हवं तर मी बोलतो."

अण्णा म्हणाले, "मी परवा होकार कळवला, दत्तू."

"परवा? पण मी येणार होतो ना?"

"वर्तमानपत्रात सगळे निकाल एकत्र आले. नवा पक्ष पुढे होता." ते थांबले. "केशव काल रस्त्यात भेटला. मी नमस्कार केला. म्हणाला, यंदा आंबा लवकर येईल असं दिसतंय."

आतून वहिनींनी पाणी आणलं. मी प्यायलो. 

मी भांडं खाली ठेवलं तेव्हा अण्णांनी विचारलं, "त्या मुलुंडच्या हेडमास्तरांचा पत्ता आहे का रे तुझ्याकडे?"

"आहे. कशाला?"

"कार्ड टाकतो त्यांना," अण्णा म्हणाले. "नंतर त्या बाकावरचा एक तरी आला का, एवढंच विचारतो."